खड्ड्याआधी भेग बुजवा

बेंगळुरूतील हेब्बाळच्या उड्डाणपुलाला ऑगस्ट 2025 मध्ये नवा लूप मिळाला. पुढच्याच महिन्यात शहरात एका महापालिकेच्या जागी पाच आल्या. त्यांनी नव्या बांधकामांआधी लक्ष द्यावे ते रस्त्यांवरील भेगांकडे.

ऊन-हवेने डांबर कडक होते, तडकते. भेगेतून पाणी खडीच्या थरात उतरते आणि वाहनांच्या भाराखाली खड्डा पडतो. म्हणून पावसाळ्याआधी भेगा बुजवणे, गटारे उपसणे, डांबर-बारीक खडीचा पातळ थर देणे ही कामे रस्ता धड असतानाच करायची असतात.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1970च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि दशकानुदशके टिकला. तशी दीर्घ हमी पाचही महापालिकांनी निविदांत मागावी. देखभालीचा निधीही वेगळा राखावा.