आधीं काय, नंतर काय?

गेल्या महिन्यांत या सदरांत तिथि आणि तारीख यांचा मेळ कसा घालावा याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं उभा राहिलेला एक तंटा तोडण्याचें काम माझ्याकडे आलें. वादी माझा नातू. प्रतिवादी नागपुराहून आलेला माझ्या थोरल्या बंधूंचा नातू. दोघेहि कॉलेजांत शिकणारे, दोघांनाहि व्हिडिओ खेळांचा नाद, आणि तंट्याचा विषय ‘रेसिडेंट ईव्हिल’ नांवाच्या एका भयकथेच्या खेळमालेंतील प्रसंगांचा क्रम! “आबा, तुम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, आतां आमची एवढी सनावळी लावून द्या,” असें म्हणून दोघे माझ्या खोलींत येऊन बसले.

विषय ऐकून मीं प्रथम कानांवर हात ठेवले. प्रेतें उठून चालतात, असल्या गोष्टी दिवाळीच्या फराळाबरोबर कोणास रुचणार? सूनबाईंचेंहि मत तेंच. परंतु जन्मभर मुलांच्या प्रश्नांवर उपजीविका केलेल्या माणसास प्रश्न टाळणें जड जातें. चार संध्याकाळीं त्यांच्याजवळ बसून मीं पाहिलें, टिपणें केलीं. आणि विषय भयंकर असला तरी कोडें विचार करण्याजोगें आहे, असें मला कबूल करावें लागलें.

ज्यांच्या घरीं हा खेळ शिरला नसेल त्यांच्यासाठीं थोडी ओळख देतों. जपानांतील ओसाका येथील कॅपकॉम कंपनीनें या मालेंतील पहिला खेळ १९९६ च्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध केला. दिग्दर्शन शिंजी मिकामी यांचें. जपानांत त्याचें नांव ‘बायोहझार्ड’, म्हणजे जैविक संकट. जपानबाहेर ‘रेसिडेंट ईव्हिल’. अंब्रेला नांवाची औषधें करणारी एक कंपनी गुप्तपणें विषाणु तयार करते, त्यांचा संसर्ग झालेलीं माणसें मेल्यावरहि हिंडूं लागतात, आणि रॅकून सिटी हें अमेरिकेंतील एक काल्पनिक शहर त्यांत बुडून जातें, असा कथेचा सांगाडा. खेळणारा नुसता प्रेक्षक नसतो. तो नायकाला बंद वाड्यांतून हिंडवितो, किल्ल्या शोधतो, आणि मुख्य म्हणजे मेजांच्या खणांत पडलेल्या मृतांच्या रोजनिशा व पत्रें वाचतो. मागें काय घडलें हें त्याला बहुतेक त्या कागदांवरूनच कळतें. इतिहाससंशोधकाचेंच काम हें. मात्र तें जीव मुठींत धरून करावयाचें!

आतां गुंता पाहा. पहिल्या खेळांतील वाड्याचा प्रसंग २४ जुलै १९९८ च्या रात्रींचा. म्हणजे खेळ निघाला तेव्हां तो काळ दोन वर्षें पुढचा होता. दुसरा खेळ १९९८ च्या जानेवारींत आला. त्यांत लिऑन केनेडी हा नवा पोलीस व क्लेअर रेडफील्ड ही विद्यार्थिनी त्याच वर्षाच्या २९ सप्टेंबरच्या रात्रीं रॅकून सिटींत येऊन पोंचतात. तिसरा खेळ १९९९ चा. त्यांत जिल व्हॅलेंटाईन ही २८ सप्टेंबरला शहरांतून निसटूं पाहते, संसर्ग होऊन बेशुद्ध पडते, आणि १ ऑक्टोबर लागल्यावर शुद्धीवर येते. त्या पहाटे क्षेपणास्त्रानें शहर नष्ट होतें. म्हणजे दुसऱ्या खेळाची सारी रात्र तिसऱ्या खेळाच्या पोटांत, जिलच्या बेशुद्धीच्या काळांत, मावलेली आहे.

यानंतर ‘कोड व्हेरोनिका’ हा २००० सालचा खेळ १९९८ च्या डिसेंबरची हकीकत सांगतो. मग २००२ सालीं निघालेला ‘शून्य’ क्रमांकाचा खेळ मागें वळून २३ जुलै १९९८, म्हणजे वाड्याच्या आदल्या रात्रींची गोष्ट काढतो. २००५ सालचा चौथा खेळ एकदम २००४ सालांत स्पेनमधील एका खेड्यांत जातो. अंब्रेला कंपनी मोडली हें त्याच्या आरंभींच कळतें. परंतु २००३ सालीं तिच्यावर शेवटचा हल्ला कसा झाला, तें ‘अंब्रेला क्रॉनिकल्स’ या २००७ सालच्या खेळांत दिसतें. २०१२ सालचा ‘रेव्हेलेशन्स’ २००५ सालची कथा सांगतो, आणि २०१५ सालचा त्याचा दुसरा भाग २०११ ची. पांचवा, सातवा आणि ‘व्हिलेज’ नांवाचा आठवा हे मात्र आपापल्या प्रसिद्धीच्या वर्षींच, म्हणजे अनुक्रमें २००९, २०१७ व २०२१ सालीं, घडतात. तरी त्या आठव्यांतहि एक जुनें पत्र सांपडतें, आणि अंब्रेलाचा संस्थापक स्पेन्सर तरुणपणीं त्याच खेड्यांत शिकला, कंपनीचें छत्रीचें चिन्हहि तेथूनच आलें, असा उलगडा होतो. पंचवीस वर्षांनीं सांगितलेली गोष्ट सर्वांच्या आधीं जाऊन बसली!

तंटा एवढाच कीं, नव्या माणसानें हे खेळ कोणत्या क्रमानें खेळावे. नागपूरकराचें म्हणणें, घडलेल्या क्रमानें, ‘शून्या’पासून आरंभ. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें, निघालेल्या क्रमानें.

मीं त्यांना विचारलें, “महाभारत कोठें सुरू होतें?” दोघांनींहि शंतनूचें नांव घेतलें. परंतु ग्रंथ उघडला तर प्रथम नैमिषारण्यांत शौनकाच्या सत्रांत आलेला सौति भेटतो. जनमेजयाच्या सर्पसत्रांत वैशंपायनानें जें सांगितलें तें तो सांगतो. आणि जनमेजय तर पांडवांच्या पणतवंडांपैकीं! भीष्मपर्वांत याहून नवल आहे. दहा दिवसांचें युद्ध होऊन गेल्यावर संजय येऊन धृतराष्ट्राला प्रथम भीष्म पडल्याची वार्ता देतो, आणि नंतर मागें वळून पहिल्या दिवसाचें वर्णन आरंभितो. ज्या गीतेचें आपण नित्य पठण करतों ती या मागून सांगितलेल्या भागांत येते. भीष्म पडणार हें कळल्यावर अर्जुनाचे पाय कां कांपले हें अधिक कळतें. घटनेचा क्रम एक आणि कथनाचा क्रम दुसरा. कथनाचा क्रम सांगणारानें आपल्या मनासाठीं बसविलेला असतो. तो मोडला तर तारखा जुळतील, पण रस जाईल. ‘शून्य’ हा खेळ, पहिला वाडा ज्यानें पाहिला आहे त्याच्यासाठींच केलेला आहे. म्हणून पहिल्या खेपेस निघालेला क्रम, व नंतर टिपणवही घेऊन घडलेला क्रम, असा निवाडा मीं दिला.

निवाडा दोघांनीं मानला. परंतु वही घेतल्यावर खरी अडचण पुढें आली. कांहीं ठिकाणीं हकीकती एकमेकींशीं जुळतच नाहींत. येथें आमच्या जुन्या शास्त्रकारांचा आधार घ्यावा लागला.

पहिला नियम मीमांसकांचा : दोन वाक्यांत विरोध दिसला तर आधीं एकवाक्यता करून पाहावी. पहिला खेळ क्रिस रेडफील्डच्या बाजूनें खेळला तर त्याला रिबेका चेंबर्स मदतीस येते, आणि बॅरी बर्टन आरंभींच दिसेनासा होतो. जिलच्या बाजूनें खेळला तर बॅरी पदोपदीं भेटतो, आणि रिबेका कोठेंच नाहीं. पुढील कथांत मात्र हीं चारहि माणसें जिवंत आहेत. तेव्हां त्या रात्रीं काय घडलें तें दोहोंपैकीं कोणत्याहि एका हकीकतींत पूर्ण नाहीं. दोन्ही साक्षीदार खरे. पण दोघेहि अपुरे. असेंच ‘शून्या’चें. त्यांत रिबेका एक सबंध रात्र भयंकर संकटांतून जाते. परंतु दुसऱ्या दिवशींच्या वाड्यांत ती अगदीं नवखी मुलगी वाटते, आणि आदल्या रात्रीविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. ती थकली असेल, भ्याली असेल, असें म्हणून जुळवितां येतें. खरें कारण असें कीं, १९९६ च्या लेखकाला २००२ चा लेखक काय लिहिणार हें ठाऊक नव्हतें. जुळवणी करावी, पण शिवण दिसते तेथें ती नाहीं असें म्हणूं नये.

दुसरा नियम पाणिनीचा : सारख्या बळाच्या दोन सूत्रांचा विरोध आला तर पुढचें बलवान. पहिल्या खेळांत अल्बर्ट वेस्कर हा विश्वासघातकी नायक सर्वांदेखत मारला जातो. चार वर्षांनीं ‘कोड व्हेरोनिका’मध्यें तो जिवंत उभा! विषाणूच्या योगानें तो पुन्हां उठला, असा खुलासा केला आहे. येथें पुढील वचन मानावें, आणि मागील मरण हें पाहणारांस तसें दिसलें इतकेंच समजावें.

तिसरा नियम पौराणिकांचा. एकाच देवाची कथा दोन पुराणांत दोन प्रकारें आली कीं, आमचे शास्त्रीबोवा ‘कल्पभेद’ म्हणून मोकळे होत : ती त्या कल्पांतील, ही या कल्पांतील. कॅपकॉमनें २०१९ सालीं दुसरा, २०२० सालीं तिसरा आणि २०२३ सालीं चौथा खेळ नव्यानें घडवून काढला. मार्व्हिन ब्रॅना हा पोलीस १९९९ च्या खेळांत ठाण्यांत जखमी पडलेला दिसतो; २०२० च्या खेळांत त्याला चावणारा कोण हेंहि दाखविलें आहे. जुनें व नवें एकाच तक्त्यांत कोंबूं नये. दोन तक्ते करावे. परंतु या उपायाची चटक वाईट. मीमांसक विकल्पाला आठ दोष चिकटवितात आणि अगदीं नाइलाज झाल्यावरच तो पतकरतात. २०१९ च्या खेळांत लिऑन व क्लेअर दोघांच्याहि वाटेनें गेलें तर तींच तीन पदकें दोघेहि शोधतात व त्याच पुतळ्यांत बसवितात. हें एकाच रात्रीं दोनदां घडणें शक्य नाहीं, आणि एकाच खेळांत कल्पभेदहि म्हणतां येत नाहीं. तेथें मुलांना मीं वहींत कोरी जागा सोडावयास सांगितलें. त्यांना तें आवडलें नाहीं. चांगल्या सनावळींतहि कोऱ्या जागा असतात, हें शाळेंतल्या मुलांनाहि आवडत नसे.

असो. खेळाची वही पुरी झाली, आणि येथेंच मीं लेखणी ठेवणार होतों. परंतु त्याच सुटींत दुसरें एक टिपण करावें लागलें, तें सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

नागपूरकर नातवाबरोबर त्याच्या वडिलांनीं दादांच्या पेटींतील कागदांचें एक पुडकें पाठविलें होतें; वंशावळीसाठीं मींच तें मागितलें होतें. तारखा लावण्याचा हात बसला आहे म्हणून तेंहि मुलांनीं जुळवावयास घेतलें. त्यांत एक तार निघाली. आमचे वडील १९८७ च्या आषाढांत, एका रविवारीं पहाटे वारले. त्याच दिवशीं मीं दादांना तार केली. अग्नि थोरल्याच्या हातून मिळावा अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून सोमवार दुपारपर्यंत आम्हीं थांबलों. शेवटीं मींच अग्नि दिला. दादा गुरुवारीं आले. तार आपणांस बुधवारीं मिळाली असें ते म्हणाले. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं; पण कोणाला तें खरेंहि वाटलें नाहीं. त्यानंतर येणेंजाणें राहिलें, पत्रें राहिलीं. पण पूर्वींचें मन राहिलें नाहीं.

मुलांनीं तार माझ्यापुढें ठेवली. नागपूरच्या तारऑफिसचा शिक्का स्वच्छ वाचतां येत होता. बुधवारचाच. त्या आठवड्यांत आमच्या बाजूस पावसानें थैमान घातलें होतें, हें मलाहि आठवत होतें. परंतु तें आणि ही तार मीं कधीं एका ओळींत लावून पाहिलें नव्हतें. माझ्या मनांतील क्रम असा होता : तार पोंचली, दादा थांबले, मग निघाले. खरा क्रम दोनच ओळींचा : तार पोंचली, दादा निघाले.

दादा जाऊन आज अकरा वर्षें झालीं. त्यांच्यापुढें कबुली देण्याची सोय राहिली नाहीं. मुलें माझ्याकडे पाहत होतीं. त्यांना मीं सर्व हकीकत सांगितली, आणि त्याच रात्रीं पुतण्याला पत्र लिहून तारेची नक्कल जोडली. मूळ तार त्यांचीच आहे. ती नातवाबरोबर परत गेली.

वाचकांस विनंति एवढीच. हे खेळ मोठ्यांचे आहेत. लहान मुलांच्या हातीं ते देऊं नयेत. पण घरांतील मोठीं मुलें ते खेळत असतील, तर त्यांना एक वही द्यावी. आणि ती वही भरली म्हणजे तिचीं मागचीं कोरीं पानें आपल्या घरांतील जुन्या कागदांसाठीं वापरावीं, ज्यांच्याविषयीं तीं पानें असतील तीं माणसें हयात असतांनाच.