पावसाची वही आपल्या हातात हवी

"तुमच्याकडे कसला दुष्काळ? जव्हार-मोखाड्यात केवढा पाऊस पडतो!" हे उत्तर आपण किती वेळा ऐकले! पाऊस पडतो हे खरे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण आषाढात धो धो पडून ओढ्याने वाहून गेला आणि भादव्यात पंधरा दिवस थेंब नाही, तर उतारावरची नागली-वरई करपणारच. वर्षाच्या बेरजेत हा खंड दिसत नाही.

सरकार बघते पावसाचा आकडा आणि पैसेवारी. पर्जन्यमापक लांब कुठेतरी. डोंगरापलीकडच्या पाड्यावर काय पडले, त्याला काय ठाऊक? पैसेवारीसाठी ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापतात, तोलतात, चांगल्या वर्षाच्या पिकाशी ताडून बघतात. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई, मग सारा-वसुली थांबते. पण शेत धरतात ते सातबाऱ्यावरचे. खालच्या खाचरातले भात बरे आले की गाव पन्नासच्या वर. वरच्या जंगल प्लॉटवरची नागली गेली ती हिशोबातच नाही. जमीन नाकारली की तिच्यावरचा दुष्काळही नाकारता येतो, तो असा.

म्हणून आमचे म्हणणे, प्रत्येक पाड्याने आपली वही ठेवावी. तळ आणि तोंड सारख्या रुंदीचा खोल डबा घ्या. झाडा-घरापासून लांब, उघड्यावर दगडात घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर ते लिहा, डबा रिकामा करा. सरकारी मोजणीही त्याच वेळी होते. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, विसरू नका. खंडाचा पुरावा ते शून्यच आहे. शाळेतली पोरेपोरी हे सहज करतील. लावणी कधी झाली, विहीर किती हात खाली गेली, झरा कधी आटला, तेही लिहा.

पैसेवारीच्या वेळी तलाठ्याबरोबर चारचौघे शेतावर जा. "वरचा प्लॉटही बघा" म्हणा. वहीची नक्कल अर्जाला जोडा, पोच घ्या.

नुसत्या वहीने काम निघणार नाही, मोर्चा काढावाच लागेल. पण तिथे "पाऊस पुरेसा होता" असे कोणी म्हटले, तर तारखेनिशी उत्तर देता येईल. आणि ही जमीन कोण कसतो, तेही वर्षानुवर्षे त्याच वहीत लिहिले जाईल.

मृग लागायच्या आत डबा बसवा.