नाणे कैसराचे, माणूस देवाचा

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. फाशी देणारे राज्यकर्ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, हे आम्ही विसरू नये.

तरीही ‘सत्तेपुढे मान तुकवा, हीच ख्रिस्ती शिकवण’ असे सांगणारे आमच्यातच आहेत. त्यासाठी ते संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात. मग तोच पौल रोममध्ये हुतात्मा का झाला? आणि बंडखोरांना व गुलामांना दिला जाणारा क्रूस प्रभूच्या वाट्याला का आला? कैसराची प्रतिमा असलेले नाणे प्रभूने कैसराला देण्यास सांगितले. माणसावर प्रतिमा देवाची आहे.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी आरोपी ख्रिस्ती लोकांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळण्यास सांगे. नाकारणाऱ्यांना मृत्युदंड देई. शेडमाक्यांनी शस्त्र उचलले, या भाविकांनी नाही. पण झुकले कोणीच नाही.

गडचिरोलीच्या अरण्याने दोन्ही बाजूंच्या बंदुका पाहिल्या आहेत. तेथे निःशस्त्र राहून आदिवासींच्या जंगल-जमिनीसाठी उभे राहणे, हीच आमची आद्य परंपरा होय. वेदीवरचा धूप देवाचा आहे. तो कोणत्याही सत्तेपुढे जाळण्याचा आम्हांला अधिकार नाही.