शेवंतेवर खटला, अण्णा मोकळे



संपादकीय एका मालिकेवर आहे म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. वस्तीतल्या बैठकीत कायद्याची माहिती सांगायला लागलं की पंधरा मिनिटांत बायकांना नळाची वेळ आठवते. मालिकेचा विषय निघाला की तासभर कुणी उठत नाही. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, संशय, सवत यांबद्दल बाई स्वतःच्या घराच्या संदर्भात एक अक्षर बोलणार नाही, पण मालिकेतल्या बाईबद्दल मात्र मनातलं सगळं बोलून टाकते. म्हणून ही मतं नीट ऐकायला हवीत.

'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग झी मराठीवर 2019 च्या जानेवारीत सुरू झाला आणि 2020 च्या ऑगस्टअखेर संपला. 2016 मधला पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाला होता. दुसऱ्याने मागे जाऊन त्यांचा जिवंतपणीचा कारभार दाखवला. माधव अभ्यंकरांचे अण्णा, शकुंतला नरे यांची माई आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता. अण्णा जमिनी लाटतात, माणसं मारतात, बायकोला शब्दाशब्दाला तुडवतात आणि शेवंतेकडे जातात. खून होते, भुतं होती, पण लोक खिळून राहिले ते अण्णा-शेवंतेच्या प्रकरणाला. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवलीतल्या कोकणातून आलेल्या घरांत तर गावची भाषा आणि गावचा वाडा पडद्यावर आल्याचं अप्रूप होतंच. आजही मोबाइलवर हेच तुकडे फिरतात आणि आजही मतं तीच ऐकू येतात.

काय मतं? शेवंतेने माईचा संसार नासवला. माईने सोसलं म्हणून घर उभं राहिलं. थोडी नटली-थटली असती तर अण्णा बाहेर गेले नसते. तरुण मुली शेवंतेच्या साडीवर, गजऱ्यावर खूश, आणि त्याच मुली 'असल्या बाईला' शिक्षा व्हायलाच हवी यावर ठाम. आणि अण्णा? 'अण्णा ते अण्णाच!' असं म्हणून सगळ्या हसतात. इतके खून पचवलेला माणूस शेवटी लाडका होऊन बसतो. (त्यांच्या आवाजाची नक्कल आमच्या गटातल्या दोघीजणी फार झकास करतात, हेही नोंदवते.)

दोष बायकांच्या समजुतीचा म्हणून सोडून देऊ नये. रहस्यमालिकेचं तंत्रच तसं आहे. रोज रात्री प्रश्न टांगून ठेवायचा: माईला कळेल का? शेवंता सापडेल का? लपण्याची, धरलं जाण्याची भीती शेवंतेच्या वाट्याला. कळण्याचा धक्का माईच्या. अण्णांनी काय ठरवलं, त्यांना कोण जाब विचारणार, हा प्रश्न कधी टांगलेलाच नसतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेलं असतं. पुरुष तो! शिवाय कॅमेरा अण्णांच्या नजरेने शेवंतेकडे बघतो आणि आपण घरबसल्या त्यांच्या शेजारी उभं राहून बघत असतो. 1996 मध्ये झी टीव्हीवर 'हसरतें' आली होती. तीही विवाहबाह्य संबंधाचीच गोष्ट, जयवंत दळवींच्या 'अधांतरी'वर बेतलेली. दळवीही कोकणातलेच. पण तिथे गोष्ट त्या बाईच्या मनातून उलगडत होती. तिला काय हवं आहे हा प्रश्न निदान विचारला जात होता.

आता हे पडद्यावरच राहिलं असतं तर मी चार ओळींत आवरलं असतं. आमच्याकडे मदत मागायला आलेल्या एका बाईच्या नवऱ्याने दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. आमच्याकडे येण्यापूर्वी नातेवाइकांच्या पाच बैठका झाल्या होत्या, आणि पाचही 'त्या' बाईवर. ती कुठली, कुणाची, कामाला कुठे जाते, तिच्या दारात जाऊन तमाशा करायचा की नाही. नवरा या बैठकांना हजर असायचा, चहा प्यायचा. तेवढ्या महिन्यांत त्याने राहती खोली भावाच्या नावावर करून टाकली. मालिकेवरच्या चर्चेत कुडाळकडच्या एका आजींनी मात्र नेमकं बोट ठेवलं होतं: "माईन आधी सातबारो बघूक होयो होतो."

27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाचं व्यभिचाराचं 497 कलम रद्द केलं. दुसरा भाग सुरू झाला तो त्यानंतर चारच महिन्यांच्या आत. 'आता लफडी कायदेशीर झाली' असं तेव्हापासून ऐकायला मिळतं. पण त्या कलमाने माईला दिलं काय होतं? तक्रारीचा हक्क शेवंतेच्या नवऱ्याला, पाटणकरांना होता, माईला नव्हताच. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, तिच्यावर दुसऱ्याने हक्क सांगू नये, एवढाच त्याचा अर्थ. घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण आजही आहे. आणि माईच्या उपयोगाचा खरा कायदा आहे तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचाराचा. घर कुणाच्या नावावर आहे यावर तिचं तिथे राहणं अवलंबून नाही. सासऱ्याच्या मालकीचं घरही 'सामाईक घर' ठरू शकतं, हे 2020 च्या सतीश अहुजा निकालाने स्पष्ट केलं. खर्चाला पैसे न देणं हीसुद्धा त्या कायद्यात हिंसाच आहे. उलट छळाच्या पूर्वीच्या 498अ खाली 'दुसरी'ला आरोपी करता येत नाही, कारण ती नवऱ्याची नातेवाईक नव्हे, असं न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलंय. म्हणजे कायदाही बोट नवऱ्याकडेच दाखवतो.

आणि शेवंतेचं काय? तिच्यासाठी बोलायला आपल्यातल्याही पुष्कळजणी कचरतात. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'ठेवलेली बाई' अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात हरकत घेतली. 2013 मध्ये दोन निकाल आले. पुरुष विवाहित आहे हे माहीत असून त्याच्याबरोबर राहिलेल्या बाईला एकात संरक्षण नाकारलं. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या प्रकरणात, पहिलं लग्न लपवून फसवल्या गेलेल्या बाईला पोटगी मिळाली. म्हणजे 'तुला माहीत होतं का?' हा प्रश्न तिला, आणि त्याला, सगळंच माहीत असलेल्याला, कुठलाच नाही. तिच्या पोटच्या सुसल्याला मात्र बापाकडून पोटगी मागता येते, आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो. पूर्वीचं 125 कलम 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 144 क्रमांकाने आलं आहे, एवढा बदल अर्ज लिहिताना लक्षात ठेवा.

मालिका बघू नका, असं मी सांगणार नाही; मी स्वतः बघते. तुमच्या गटात शेवंतेचा विषय निघाला की एक करून बघा. शेवंतेला काय शिक्षा व्हावी हे सगळ्यांचं सांगून झालं की अण्णांना काय व्हावी, आणि माईला काय मिळावं, हे विचारा. घर, जमीन, पैसा, मुलं, एकेक करून. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा, नावं न घालता. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.