तौबेचा दरवाजा आणि मोहल्ल्याचा

1986 साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाली. मला ते फार मोलाचे वाटते. स्वतः टर्की सोसलेल्याचे बोलणे व्यसनी मुलाला पटते. आम्हा शिक्षकांचा उपदेश नाही.

आपल्या मोहल्ल्यात मात्र उलटे. इज्जतीपायी घरचे आजार लपवतात, तावीज बांधतात. पोरगा बरा होऊन आला तरी ‘गर्दुल्ला’च, ना काम, ना रिश्ता. मग जुना अड्डाच त्याला जवळ करतो. तौबेचा दरवाजा अल्लाहने उघडा ठेवला, असे आपण जुम्याला ऐकतो. मग मोहल्ल्याचा बंद का? मस्जिद कमिट्यांनी, शाळांनी अशा मुलाला बोलवावे, काम द्यावे. तो सावरेल, आपलीही मुले वाचतील.