नगरचा रथ नगरात नाही

रविवारी पुण्याहून आलेल्या भाच्याला रणगाडा संग्रहालयात नेलं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेल्या पॅटनपुढून तो हलेना. बाहेर पडताना विचारतो, "मामा, यातली आपल्या नगरची गाडी कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात घोळतोय, कारण नगरची गाडी आहे. ती इथं नाही, एवढंच.

दायमाबादविषयी मी पुन्हा लिहितोय, हे नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. १९७४ साली आपल्या जिल्ह्यात प्रवरेकाठच्या या गावी एका भिल्ल गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. चारही मिळून साठ किलोंच्या वर. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण साडेतीन-चार हजार वर्षं बरेच जण मानतात. रथ ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे एक हात. भरीव चाकं, जुवाखाली दोन बैल, मागे उभा गडी आणि त्याच्या पुढ्यात दांडीवर चक्क कुत्रं! सकाळी गाडी जुंपून रानात निघालेला माणूस आणि त्याच्यासोबतचं कुत्रं आमच्याकडे अजून दिसतं.

रणगाडा संग्रहालयातली रोल्स रॉईसची चिलखती गाडी विलायतेतून आली, पॅटन सरहद्दीवरून. लष्करानं १९९४ पासून त्या नगरात जपल्या, कारण ती आपल्या दलाची वंशावळ आहे हे त्यांना कळलं. मला त्या रांगांचा आदर वाटतो. आणि आमच्या जिल्ह्याची वंशावळ? तो रथ पाहायला मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांचा रस्ता धरावा लागतो. मूळ वस्तू तिथं नीट आहेत, त्या परत मागायचा माझा हट्ट नाही. पण त्या रथाची हुबेहूब प्रतिकृती रणगाड्यांच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवा, एवढी विनंती लष्कराला करायला आपल्या पुढाऱ्यांना काय हरकत आहे?

आणि माझी जुनी मागणी: एक तिकीट, माळीवाड्याहून एक एसटी. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातली दोनशे फुटी जन्मपत्रिका, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला तो किल्ला, नेवाशाचा पैस खांब, टिचकी मारली की खणखणणाऱ्या भांड्यांचं जोर्वे. आपलं संग्रहालय असं जिल्हाभर पांगलंय. शाळांच्या सहली रणगाडे दाखवून थेट शिर्डीला निघतात, कारण मधलं जोडून दाखवणारं कुणी नाही.

रात्री भाच्याला मोबाइलवर रथाचा फोटो दाखवला. बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "कुत्रं पडत नसेल का रे, मामा?"