विश्लेषण : आई-बाबा वेगळे होतात, तेव्हा मुलांच्या गोष्टी काय सांगतात?

घटस्फोटाची चर्चा पोटगी आणि ताबा यांभोवतीच फिरते. मुलाच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो : मी काही केले, तर आई-बाबा पुन्हा एकत्र येतील का? बालसाहित्यात या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

सुरुवातीचे उत्तर काय?

एरिश केस्टनर यांच्या १९४९च्या जर्मन कादंबरीत ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणी आपापसांत अदलाबदल करून आई-वडिलांना एकत्र आणतात. हॉलिवूडचा ‘द पेरेंट ट्रॅप’ (१९६१) त्यावरच बेतलेला. आपल्याकडचा ‘दो कलियाँ’ (१९६८) त्याच धाटणीचा.

मग काय बदलले?

ज्युडी ब्लूम यांच्या ‘इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये (१९७२) करेनच्या अशाच खटपटी फसतात. ‘डिअर मिस्टर हेनशॉ’ या बेव्हर्ली क्लिअरी यांच्या पुस्तकाला १९८४ मध्ये न्यूबरी पदक मिळाले. त्यातल्या ली या मुलाचे ट्रकचालक वडील परत येऊ पाहतात, पण आई नकार देते. जॅकलिन विल्सन यांच्या ‘द सूटकेस किड’मधली (१९९२) अँडी एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे राहते.

हा बदल महत्त्वाचा का?

जुळ्यांच्या कथेत गोड शेवट मुलींच्या हुशारीवर ठरतो. ज्याला ते साधत नाही, त्या मुलाला आपणच कमी पडलो असे वाटू शकते. नंतरच्या कथा हे ओझे उतरवतात : संसार सांभाळणे हे मुलांचे काम नाही. अशी पुस्तके समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाहीत. पण स्वतःविषयी गप्प राहणारे मूल लीविषयी बोलू लागते. तेव्हा मोठ्यांनी फक्त ऐकावे.